चाकाआडचा पत्रा

शनिवारी सकाळी भीमपूरच्या फाट्यावर एवढी माणसं जमली होती, की आदिलाबादच्या बसनं दोनदा हॉर्न मारला आणि शेवटी तिचे प्रवासीही उतरून गर्दीत घुसले. मधोमध लखनची प्रवासी जीप उभी होती. तिच्या मागच्या उजव्या चाकाशी चक्रधरबाबा उकिडवा बसला होता. कपाळभर भंडारा, डोळे मिटलेले, हातात लोखंडी त्रिशूळ. त्रिशुळाच्या बुडानं तो चाकाचा एकेक नट ठोकी आणि कान लावून ऐके.

तीन नट खणखणीत वाजले. चौथ्याचा आवाज बद्द आला.

"सापडली अवदसा," बाबा म्हणाला. "चक्रस्थान दूषित आहे बेटा. इथंच बसली आहे ती. लाव पाना."

लखननं पाना लावला. नट फिरला नाही, बोल्टाच्या तुकड्यासकट तुटून हातात आला. गर्दीनं हात जोडले. बसमधल्या एका बाईनं तर पिशवीतलं केळं काढून चाकापुढे ठेवलं.

मी समोर माझ्या गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होतो. एकतीस वर्षं मी चाकांचे बोल्ट बदलतो आहे. अर्ध्यातून चिरलेला बोल्ट बद्दच वाजणार, त्याला देवी कशाला पाहिजे? ट्रकवरचा कुठलाही क्लीनर ढाब्यावर उतरला की हातोडी घेऊन हेच करतो, फक्त त्याबद्दल नारळ मागत नाही. हा बाबासुद्धा दहा वर्षांपूर्वी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर क्लीनरच होता, आणि हे अर्ध्या गावाला माहीत होतं. पण लोकांना एखादी गोष्ट माहीत असते म्हणून ते तसं वागतात असं नाही. हे समजायला मला साठी गाठावी लागली.

दोन महिन्यांत लखनचा हा चौथा बोल्ट. पहिला तुटला तो नाल्याच्या वळणावर. त्याचं कारण मला ठाऊक होतं. हा पठ्ठ्या पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभा राहून नट आवळायचा. इतका ताण दिला की बोल्ट आतून चिरतो आणि पुढं कधीतरी तुटतो. पण लखन माझ्याकडे न येता बाबाकडे गेला. आमच्याकडे सगळेच गाडीपुढं लिंबू-मिरची बांधतात. बाबानं त्यावर वरताण केली. "बाहेरचं लिंबू बाहेरची नजर थोपवतं. आतल्या अवदसेला आतलंच यंत्र पाहिजे." यंत्र म्हणजे लाल फडक्यात शिवलेला तांब्याचा पत्रा. चाक काढायचं, चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमवर पत्रा ठेवायचा, दिव्यातलं तेल सोडायचं, वरून चाक बसवायचं आणि नट आवळायचे. मग एकवीस दिवस पाना लावायचा नाही. लावला तर यंत्र बाटतं.

त्यानंतर त्याच चाकाचे आणखी दोन बोल्ट तुटले. बाबाकडे उत्तर तयारच होतं. "घरात नवं कोण आलं?"

नवी आली होती लखनची बायको रूपाली. वैशाखात लग्न होऊन वांकिडीहून आलेली पोरगी. आदिलाबादला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, ती नवऱ्याच्याच जीपमध्ये बसून. एवढं पुरलं. पायगुण वाईट ठरला, क्लास बंद झाला, आणि त्या सकाळी चौथा बोल्ट हातात आल्यावर लखनची आई रेणुकाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आज सांजच्याले ह्या अवदसेले वांकिडीले नेऊन सोड. परत आणू नको. माह्या पोराचा जीव जाईन एखाद दिवशी."

लखन खाली पाहत राहिला. रूपाली गर्दीच्या कडेला उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, रडून झालं असावं.

"आत्याबाई, एक इचारू?" ती म्हणाली. "गाडीले चाकं चार हायेत. मी काय एकाच चाकावर बसते? बाकीच्या तीन चाकांचा एक तरी बोल्ट तुटला का?"

तिनं मागच्या चाकाकडे बोट रोखलं.

"अन् त्या तीन चाकांत यंत्र नाई," ती म्हणाली. "यंत्र ज्याच्यात हाय, तेच तुटून राह्यलं. मंग माहाच पायगुण काऊन?"

"स्त्रीबुद्धी," बाबा हसून म्हणाला. "अवदसा यंत्रावरच चाल करून येणार ना, पोरी. शत्रू किल्ल्यावरच येतो."

लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माना बघून खरंच थकवा आला. आणि लाजही वाटली. कारण मधले दोन्ही बोल्ट मीच बदलले होते. दोन्ही वेळा चिंबून चपटा झालेला पत्रा माझ्याच हातात आला होता. "हे कायले घालतं रे?" असं मी लखनला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, देवाचं हाय." आणि मी तो पत्रा पुसून परत आत ठेवला होता. कोणाकोणाशी डोकं लावायचं, असं म्हणून. त्या माझ्या गप्प बसण्याची शिक्षा ही पोरगी भोगत होती.

मी चहाचा ग्लास ठेवला आणि रस्ता ओलांडला.

"लखन, गाडी माह्या गॅरेजात घे," मी म्हणालो. "त्या चाकाचे पाचही बोल्ट नवे टाकतो. मंग दोन खेपा करू. पहिल्या खेपेत यंत्र आत, रूपाली बाहेर. दुसऱ्या खेपेत यंत्र बाहेर, रूपाली आत. पाहू तं खरं."

"देवीची परीक्षा घेऊ नये," बाबा म्हणाला.

"काऊन? पास नाई होणार का?" बसच्या कंडक्टरनं विचारलं. लोक हसले. हसले म्हणून बाबाला थांबावं लागलं.

पाच बोल्ट बदलले. तोवर बसही थांबूनच राहिली. तांब्याचा पत्रा फडक्यासकट बाबाच्याच हातानं आत ठेवून घेतला, तेलही त्यालाच सोडायला लावलं. नट लखननं आवळले, साध्या पान्यानं, पाइप न लावता. मग मी खडू घेतला आणि प्रत्येक नटावरून रिमवर एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटेल, एवढंच. लखननं नाल्यापर्यंतच्या त्या उखडलेल्या रस्त्यानं पाच फेऱ्या मारल्या. गाडीत तो एकटाच.

तो परत आल्यावर मी सगळ्यांना चाकाजवळ बोलावलं. म्हटलं, पाहा. पाचपैकी चार रेघा तुटल्या होत्या. कंडक्टरनं पाना लावला तर नट हातासरशी अर्धा वळसा फिरला.

मग चाक काढलं, पत्रा काढून बाजूला ठेवला, तेल पुसलं, चाक ड्रमला नीट टेकवून बसवलं. तोच पाना, तोच लखन, नव्या रेघा. रूपालीला मागच्या सीटवर बसवलं, मुद्दाम त्याच चाकाच्या वर. पुन्हा पाच फेऱ्या. रेघा होत्या तशा होत्या. पाना लावून पाहिला, नट हलला नाही.

"आता ऐका," मी म्हणालो. "चाक ड्रमले चिकटून बसलं पायजे. मधात फडकं अन् पत्रा घातला, की खड्ड्या-खड्ड्यात तो दबते. तो दबला की नट ढिला होते. नट ढिला झाला की चाक हालते, अन् हालून हालून बोल्ट तुटते. वरून एकवीस दिवस पाना लावू नका म्हणते हा. म्हणजे ढिलं झालेलं कोणाले कळूच नये. अवदसा ह्यानंच आत ठेवली, अन् ह्यानंच ठोकून काढली."

बाबाचं म्हणणं पडलं की परीक्षा घेतल्यामुळे देवी निघून गेली. त्याच्यामागे सात-आठ माणसं गेलीसुद्धा. जाणारच. पण तीन गाड्यांचे मालक तिथंच थांबले आणि त्यांनी आपापलं चाक उघडायला सांगितलं.

रेणुकाबाई बराच वेळ त्या चपट्या पत्र्याकडे बघत होत्या. मग रूपालीजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "चाल, घरी जाऊ. सयपाक राह्यला."

रूपाली गाडीतून उतरली नाही. "आत्याबाई, तुमी मले चारचौघांत अवदसा म्हटलं," ती म्हणाली. "मी अवदसा नाई, हेही चारचौघांत म्हणा."

रेणुकाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. लखन पुढं झाला, काही तरी बोलणार होता, रूपालीनं त्याला हातानं थांबवलं. त्या बाईला किती जड गेलं ते मला दिसत होतं. मला त्यांची कीव आली, राग जाऊन.

"नाई," त्या म्हणाल्या. "हिच्यात काई नाई. माहं चुकलं."

"मागच्यायले ऐकू नाई आलं," रूपाली म्हणाली.

रेणुकाबाईंनी पदर सावरला आणि पुन्हा म्हटलं, या वेळी बसच्या टपावरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग रूपाली उतरली आणि दोघी घराकडे गेल्या.

मी त्या दिवशी अकरा चाकं उघडली. त्यांतल्या सहा चाकांत पत्रे निघाले. सांगायचं एवढंच, आणि हे मी आता दमलो तरी सांगत राहणार आहे. शंभर किलोमीटर झाले की पाना घ्या आणि नट तपासा. चाक हललं तर चाक उघडून आत काय आहे ते बघा. घरातली सून बघू नका.