दुसरा ब्रेक

लॉजच्या मॅनेजरला बोलायची भारी हौस. चावी हातात देता देता त्याने सांगून टाकलं की गाडी भाड्याने घेतली तर तळं, किल्ला, धरण सगळं दोन दिवसांत उरकेल. बसच्या नादी लागलात तर निम्मी सुट्टी थांब्यावरच जाईल. मास्तर म्हणाले, "आम्ही बसनेच फिरू." मॅनेजरने स्वस्तात देतो म्हणून पाहिलं, ड्रायव्हरही देतो म्हणून पाहिलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. जन्मभर लोकांना गाडी शिकवली. त्यांच्या बायकोने स्टिअरिंगला कधी बोटही लावलं नव्हतं, तरी मास्तरीणबाई ही पदवी तिला फुकटात चिकटली होती. नवरा गाडीला नाही का म्हणतो, ते बाईंना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी याच गावी ते तिघं आले होते आणि तेव्हा गाडी भाड्याने घेतली होती. मुलाला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, म्हणून चालवायला तोच बसला. बाईंचं डोकं दुखत होतं, त्या खोलीवर थांबल्या. बापलेक धरणाकडे निघाले आणि घाटातल्या वळणावर गाडी कठड्यावर आदळली. मुलगा गेला. शेजारी बसलेल्या मास्तरांचं खांद्याचं हाड मोडलं, तेवढंच.

हॉस्पिटलच्या पलंगापाशी उभ्या राहून बाईंनी त्यांना एकदाच विचारलं होतं, इतक्या पोरांना शिकवलंत आणि स्वतःचं लेकरू मरत असताना हातावर हात ठेवून बसलात? मास्तरांनी ब्रही काढला नाही. पुढे त्यांनी स्कूल बंद केलं, गाडी विकली, आणि घरात दोन माणसं भाड्याच्या खोलीत राहावीत तशी राहू लागली. कुणी काही बोललं तरी ते गॅस संपल्याचं.

आता बाईंचं ठरलं होतं. ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि इथूनच थेट बहिणीकडे जायचं, कायमचं. बहिणीने खोली रिकामी करून ठेवली होती. बाईंनी तिथल्या थंडीचे कपडेसुद्धा बॅगेत भरले होते. चार दिवसांच्या सहलीला एवढी जड बॅग कशाला, असं मास्तरांनी विचारलं नाही. मुकाट्याने उचलली.

पहिले दोन दिवस मॅनेजरचं म्हणणं खरं ठरलं. तळ्याची बस सरळ तळ्याला जाईल तर शपथ. ती आधी बाजार, मग दवाखाना, मग दोन शाळा अशी गावभर पाहुणचार घेत फिरायची. किल्ल्याहून परतताना तर बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि दोघं पत्र्याच्या निवाऱ्यात गारठत बसून राहिले. सुट्टीला आलेली बाकीची माणसं गाड्यांमधून सुसाट जात होती. त्यांच्याकडे बघून बाईंना आपला मुलगा मागच्या काचेतून हात करेल असं वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

मास्तर प्रत्येक बसमध्ये पुढची जागा धरायचे, ड्रायव्हरच्या बाजूची, जिथून समोरचा रस्ता दिसतो. बाई खिडकीशी बसून बाहेर बघायच्या. नवऱ्याकडे बघायची सवय सुटली होती.

तिसऱ्या दिवशी धरणाची बस. घाट लागला तसं बाईंना खिडकीबाहेर बघवेना, म्हणून त्यांनी मान खाली घातली. खाली मास्तरांचा पाय होता. वळण आलं की उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबला जायचा, वळण सरलं की सुटायचा. हात मांडीवर पडलेले, जसे काही दुसऱ्याचेच. मास्तरांच्या उजव्या बुटाचा तळ नेहमी आधी झिजायचा, पण स्कूल बंद होऊनही तो झिजतच होता. चांभाराकडे न्यायचा कंटाळा येतो म्हणून बाई कितीदा करवादल्या होत्या.

कठड्याला नवा रंग दिलेलं ते वळण आलं. समोरून ट्रक आला. बसच्या ड्रायव्हरने सहज वेग कमी केला आणि ट्रक निघून गेला. पण मास्तरांचा पाय असा दाबला गेला की गुडघा थरथरायला लागला आणि कपाळावर घाम आला. हात मात्र मांडीवरून हलले नाहीत. आपल्याला काय दिसलं ते त्यांना कळलं होतं, आणि ते कळायला नको होतं.

धरणावर वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. बाकावर बसल्यावर बाईंनी विचारलं, "त्या दिवशीही असाच पाय दाबलात?"

मास्तर पाण्याकडे बघतच बोलले. नवशिक्याचा पाय ऐनवेळी गोठतो, म्हणून तर शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. ट्रक दिसला, पोराचा पाय गोठला, आणि जन्मभर केलं तेच त्यांनी केलं.

"गाडी भाड्याची होती. माझ्या बाजूला ब्रेक नव्हताच. मी नुसता पत्रा दाबत होतो. गाडी थांबेना तसा आणखी दाबत होतो. हँडब्रेक हाताशी होता गं, तो सुचलाच नाही."

बाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"त्याने माझ्याकडे बघितलं," मास्तर म्हणाले. "घाबरला नव्हता. शिकताना मीच थांबवायचो ना प्रत्येक वेळी. तो वाट बघत होता."

इतकी वर्षं बाईंनी निष्काळजीपणाचा राग जपला होता. त्या रागाला निदान धरायला काहीतरी होतं. आता तोही गेला आणि नुसतं दुःख उरलं, उघडं. त्या रडल्या, पण त्याने हलकं वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मास्तर मागे जाऊन बसायला लागले. बाईंनी त्यांना पुढे बोलावून घेतलं आणि बस निघाल्यावर सांगितलं, "मी इथून बहिणीकडे जाणार होते. राहायलाच."

"बॅग उचलली तेव्हाच कळलं होतं," मास्तर म्हणाले. "जा तू. मी पोचवायला येईन. दोन बस बदलाव्या लागतात."

म्हणजे त्यांनी तीही चौकशी करून ठेवली होती. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंगवलेला कठडा दिसला. समोर काहीच नव्हतं, रस्ता रिकामा होता. मास्तरांचा पाय दाबला गेला. आणि कधी गाडीत पुढेसुद्धा न बसलेल्या बाईंचा पाय त्याच्या शेजारी, चपलेसकट, पत्र्यावर दाबला गेला. त्यांनी सगळा जीव त्या पायात आणला. बस आपल्या वेगाने वळली.

वळण मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "घरीच जाऊ."

मास्तरांनी मान हलवली. पाय दोघांचेही अजून तिथेच होते.