मिलो स्टासेकची लाथ आणि पळते खांब

हावेल कॉलेजने वेर्नर कॉलेजला एकवीस-वीस असं हरवलं. झालं ते झालं. आता आपण असं धरून चालू की असं काही झालंच नाही. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा पहिला शनिवार आहे, नेब्रास्कातला मका अजून शेतात उभा आहे आणि मिलो स्टासेकने मारलेला बॉल बँडमधल्या सगळ्यात मोठ्या पितळी भोंग्यात जाऊन बसला आहे.

मिलोचं काम एवढंच. बाकीच्यांनी हाडं मोडून घेत, बॉल काखेत मारून शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. मग मिलोने ऐटीत यायचं आणि बॉल दोन उंच खांबांच्या मधून लाथाडायचा, की वर एक. हे त्याचं संघातलं चौथं आणि शेवटचं वर्ष, पण तो एक गुण काही नावावर पडायला तयार नव्हता. बॉल डावीकडे जायचा. पुढच्या शनिवारी तो पाहुण्यांनी मिरवायला आणलेल्या बोकडाला लागला, त्यानंतर आइस्क्रीमच्या गाडीला. मैदानाच्या डाव्या अंगाला मोटार लावायची गावात कुणाची छाती होईना. पाद्रीबाबासुद्धा लांब मोटार लावून चालत येत.

शेवटी कोच हर्शेलने लाथेचा नाद सोडला. लाथ न मारता पुन्हा एकदा रेषेत घुसून दाखवलं तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. ते काम त्याने डेल ब्रुकरला दिलं. डेल म्हणजे माणूस कमी आणि धान्याचं कोठार जास्त.

"मग मी काय करू, कोच?" मिलोने विचारलं.

"तू पाणी पी," कोच म्हणाला. "आणि जमलं तर सरळ पी."

संघ तरीही मन लावून हरत राहिला. शेवटची मॅच उरली ती वेर्नरशी. आदल्या दिवशी मिलोने आईजवळ, व्लास्ताबाईंजवळ, मन मोकळं केलं.

"एक गुण गं, आई. जास्त नको. मग मी जन्मभर ट्रॅक्टर विकायला मोकळा."

"अरे, तुझा बाप लग्नाच्या दिवशी डावीकडच्या चर्चमध्ये शिरला होता. तिथलं लग्न अर्धं होत आलं तेव्हा त्याला शंका आली. रक्तातच आहे ते. घे, खसखशीचा कोलाच खा."

आता, वेर्नरला हरवलं की खांब उपटायचे, गावभर मिरवायचे आणि नदीत सोडायचे, ही इथली रीत. शेवटचं हरवलं होतं त्याला इतकी वर्षं झाली होती की खांब गंजले. रीत मात्र तेल लावून ठेवल्यासारखी तयार होती.

मॅच अशी रंगली की थंडीत लोकांच्या तोंडातून वाफ आणि शिव्या एकदमच बाहेर पडत होत्या. वेर्नर वीस, हावेल चौदा. वेळ संपता संपता डेल तीन गडी अंगावर लटकवून रेषेपलीकडे कोसळला. वीस-वीस!

बरोबरी म्हणजे विजय नव्हे, हे कुणाला सुचलंच नाही. जिंकायची सवयच नव्हती ना. सगळं गाव मैदानात घुसलं, खांब मुळासकट निघाले आणि त्यांच्यावर डेलला बसवून वरात नदीकडे गेली. पलीकडच्या टोकाचे खांब तर आधीच गायब होते. म्हातारे माजी विद्यार्थी गर्दी टाळायला लवकर निघतात. ते जाताना घेऊन गेले होते.

पंच रिकाम्या मैदानात उभा राहिला. "अहो, एक प्रयत्न बाकी आहे! खांब कुठेत?"

"नदीत," कोच म्हणाला.

"आणि तो तुमचा घुसणारा?"

"तोही."

कोचने हळूहळू मान वळवून मिलोकडे पाहिलं. घरात साप निघावा आणि हाताशी फक्त छत्री असावी, तसं.

निरोप गेला. माणसं एक जोडी पाण्यातून ओढत, धापा टाकत परत आली. डेल घोंगडीत गुंडाळलेला, दातखीळ बसलेला. गोठलेल्या जमिनीत खड्डा कोण खणणार? चाळीस जणांनी खांब हातांनीच उभे धरले. त्यांत सगळ्यात पुढे व्लास्ताबाई.

"हे असं चालतं का?" वेर्नरचा कप्तान ओरडला.

पंचाने नियमांचं पुस्तक चाळलं. "खांब उभे असावेत, एवढंच लिहिलंय. उभे आहेत."

मिलोने बूट घट्ट केला. तो धावला, पाय फिरला, आणि बॉल अजून हवेत चढतोय तोच व्लास्ताबाई किंचाळल्या, "डावीकडे! पळा सगळे डावीकडे! आई आहे मी त्याची, मला विचारा!"

चाळीस माणसं खांब घेऊन डावीकडे सुटली.

आणि बॉल सरळ आला. जन्मात पहिल्यांदा, सुतासारखा सरळ.

"आई, मागे फीर!" मिलोने टाहो फोडला.

"अगं बाई! फिरा! फिरा रे मेल्यांनो!"

चाळीस माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत उलटी धावली, खांब ताडासारखे डुलले, उजवा खांब बॉलच्या अंगावरून जेमतेम पलीकडे सरकला आणि बॉल आतून निघून गेला. पंचाने दोन्ही हात वर केले. लोकांनी मिलोला खांद्यावर घेतलं आणि सवयीने खांबांसकट नदीकडे नेलं. तो नाकातोंडात पाणी जाईपर्यंत हसत होता.

सोमवारी स्पर्धेच्या परिषदेने कळवलं की खांब पळत असल्याने गुण बाद, मॅच वीस-वीस बरोबरीत. कोच हर्शेलने अजून शिंकणाऱ्या मिलोला समोर बसवून उत्तर लिहिलं:

"महोदय, निकाल बरोबरीचाच राहावा, कॉलेजची त्यास हरकत नाही. मात्र खांब जागच्या जागी असते तर सदर बॉल त्यांच्या मधूनच गेला असता, हे ध्यानी घेऊन एक गुण, एकूण गुणसंख्येत न धरता, केवळ श्री. मिलो स्टासेक यांच्या वैयक्तिक नावावर जमा करण्यात यावा. शंका असल्यास परिषदेच्या सर्व सभासदांनी समक्ष येऊन, खांब स्वतः धरून, खात्री करून घ्यावी. आमचे खांब तूर्त उपलब्ध नसल्याने येताना आपले आणावेत, ही नम्र विनंती."