लाल फडकं

रबरी पाइपचा तिसरा फटका कानावर बसला, तेव्हा अश्फाकने डोळे मिटले. हात मात्र उचलला नाही. कतारमधल्या अकरा वर्षांत तो एकदाही उचलला नव्हता. रत्नागिरीत लेक हनिया नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नोकरी टिकायला हवी होती.

"तीनशे रोपं मारलीस," पोपटराव मुकादम म्हणाला. "वर्ल्ड कप वर्षावर आलाय. रस्त्याकडेला काय तुझी हाडं लावू?"

समैस्माजवळच्या त्या नर्सरीत बोरीची रोपं दोरीसारखी पिळवटली होती, खोडं उकलली होती. शेजारची हिरवळ ठणठणीत.

नर्सरीचे व्यवस्थापक हेमचंद्र सर गाडीतून उतरले. त्यांनी एक रोप उपटून पाहिलं.

"तणनाशक. गवताला सोडतं, रुंद पानाला मारतं."

"पण ह्यी तर वाढलीत, सर," कानाचं रक्त पुसत अश्फाक म्हणाला.

"वाढूनच मरतात. रोपात वाढीला आवरून धरणारी प्रथिनं असतात. वाढीचं संप्रेरक आलं, की पेशीतली यंत्रणा त्यांना पकडून तुकडे करते. मग रोप वाढतं. संप्रेरक ओसरलं, की नवी प्रथिनं पुन्हा आवर घालतात. हे औषध म्हणजे नकली संप्रेरक. ते ओसरतच नाही. आवरणारं कुणी उरत नाही, आणि रोप स्वतःलाच फाडतं. खताच्या पंपात हे आलं कुठून?"

डब्यावरचं वाचता येणारे थोडे, म्हणून तणनाशकाच्या पंपाला लाल फडकं बांधायची तिथली रीत. मागच्या रविवारी अश्फाकच्या पाठीवर पंप पोपटरावनेच चढवला होता, 'खत मार, यल्ला, आटप लवकर' म्हणत.

"पंपाला लाल फडका नव्हता, सर," अश्फाक म्हणाला. "तो मुकादमाच्या डोक्याला हाय. ऊन लागतंय त्यांना."

जमलेल्या मजुरांनी पोपटरावच्या डोक्याकडे पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. पोपटरावने पाइप उगारला.

"भाडखाऊ, उद्याच्या विमानात घालतो तुला. पोरगी धुईल लोकांची भांडी."

अश्फाकच्या हातातली फवारणीची पितळी नळी पोपटरावच्या तोंडावर बसली. पुन्हा बसली. तो गुडघ्यांवर आला, एक दात रेतीत पडला. तिसऱ्यांदा उचललेला हात अश्फाकने आपणच खाली घेतला.



"आता तुला ठेवता येणार नाही, अश्फाक," सर म्हणाले.

"ठाव हाय, सर."

तो वाकला. पोपटरावच्या डोक्याचं फडकं त्याने सोडलं, रेती झटकली आणि शेजारी पडलेल्या त्या पंपाला दोन गाठी मारून बांधलं. ओढून पाहिलं. मग तो पेटी भरायला कॅम्पकडे चालू लागला.