दिवे तेवढे वाढवा

मला आत्याने वाढवलं, आणि तिच्या घरात दिवा कधी विझला नाही. विझणं हा शब्दच तिला अशुभ. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’, आणि दिवा बंद करायचा तर तो ‘वाढवायचा’. शहरातल्या उजेडाने पक्ष्यांचं काय होतं, हा माझा अभ्यासाचा विषय. लेखात मी चांगले जड शब्द वापरते, पण घाईत तोंडात आत्याच येते.

त्या संध्याकाळी मी टेकडीवर होते. हंगामातला सगळ्यात मोठा थवा रात्री शहरावरून जाणार, असं रडारवर दिसत होतं. झगझगीत उजेड दिसला की हे पक्षी वाट विसरून त्याच्याभोवती घिरट्या घालतात आणि काचेवर आदळतात. आमची संशोधन संस्था तर नखशिखान्त काचेची; पक्ष्यांच्या अभ्यासाला कुणी ही इमारत दिली, देव जाणे. मी दिव्यांचं सांगायला तिथल्या रखवालदार काकांना फोन केला. ते म्हणाले, सगळे का? मी म्हटलं, सगळे. आणि निर्धास्त झाले.

सकाळी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. समारंभाला लावतात ते गच्चीवरचे झोतसुद्धा चालू होते. मूठभर जीव ते, काही अजून कोमट होते. दोनशे सतरा. एकेकाचं वजन केलं, पंख मोजला, पायाला चिठ्ठी बांधली. रडू आवरत नव्हतं, तरी हात चालूच होते.

चौकशीत काका म्हणाले, ताईंनीच लावायला सांगितले. मी छातीठोकपणे म्हटलं, बंद करायला सांगितले होते. पण मी पडले डॉक्टरबाई, ते रखवालदार. वय झालंय, ऐकू कमी येतं, असं ठरवून त्यांना घरी बसवलं. मीही मान डोलावली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला माझ्या खिडकीवर धप्प व्हायचं. पडदा सारून बघावं, तर काच कोरी. मला भीती वाटायची, उगाच कशाला लपवू? नवऱ्याला काहीच ऐकू यायचं नाही. तो म्हणायचा, चार दिवस रजा घे.

महिन्याभराने नणंदेची मुलगी राहायला आली. जेवणानंतर ती वाचत पडली होती. माझं डोकं ठणकत होतं, म्हणून मी म्हटलं, “दिवा तेवढा वाढव गं.”

तिने दिव्याचं बटण फिरवलं. खोली पांढरीफटक झाली.

“अजून वाढवू, मामी?”

फोनवर मी हेच म्हणाले होते. दिवे तेवढे वाढवा.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातात कबुलीची चिठ्ठी दिली आणि काकांचं घर गाठलं. काकू त्यांच्याशी ओरडून बोलत होत्या. काकांच्या कानात नवं यंत्र होतं. मी शब्दन् शब्द सांगितला, माफी मागितली. तुम्हाला परत बोलावणार आहेत, असंही सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील, निदान सुटल्यासारखं तरी हसतील.

त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे बघितलं.

“म्हणजे माझे कान धड आहेत,” ते म्हणाले. “मग ताई, रोज संध्याकाळी या काचेवर आदळतं, तेही खरंच असणार.”