स्टेशनापर्यंत जागी

बेबीनंदाने ओला पंचा पिळला आणि मांडीवरच्या पोरीच्या कपाळावरून, मानेवरून फिरवला. मित्रा दचकली, मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा तिच्या पापण्या जड झाल्या. गाडीने अजून गावची शीवही ओलांडली नव्हती.

"ए मित्रा, ते बघ काय चाललंय! बैल. किती बैल हायेत?"

"दोन."

बैल चार होते. मित्राला दोनच्या पुढे मोजता येत नव्हतं.

"बराबर. अन् त्यांच्या मागं कोण हाय?"

मित्रा डावा कान चोळायला लागली होती. कान चोळला की झोप आलीच, हे बेबीनंदाला घड्याळापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

जालन्याहून सांगून आणलेली अँबॅसडर अंबडच्या रस्त्याने जालना स्टेशनाकडे खड्डे चुकवत निघाली होती. पुढे तातेराव ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी वसंतराव, मित्राचे वडील; ते तिला कायमचं नांदेडला न्यायला आले होते. मागच्या सीटवर एका खिडकीशी बेबीनंदा, मांडीवर मित्रा. दुसऱ्या खिडकीशी उषा, वसंतरावांची दुसरी बायको. तिच्या लग्नाला चार महिने झाले होते. दोघींच्या मध्ये मित्राच्या कपड्यांची पिशवी आणि पाण्याचा तांब्या.

अर्ध्या तासाचा रस्ता. तेवढा वेळ मित्राला जागं ठेवायचं होतं. ती रोज बाराच्या सुमाराला झोपायची आणि एकदा झोपली की दोन-अडीच तास कुशीही बदलायची नाही. नांदेडकडे जाणारी आगगाडी साडेबाराची होती. मोटारीत डोळा लागला नाही, तर आगगाडीत बसता बसता पोरगी झोपेल आणि पार परभणीजवळ गेल्यावर उठेल. मोटारीत दहा मिनिटं जरी झोपली, तर स्टेशनात ताजीतवानी होऊन आपली माय शोधत बसेल. मागच्या महिन्यात तसंच झालं होतं. स्टँडवर जाताना टांग्यात झोपली, एसटीत जागी झाली आणि सभोवती बेबीनंदा नाही असं बघून रडून रडून निळी पडली. वसंतराव पहिल्याच थांब्यावर उतरले आणि तिला परत घेऊन आले. ओसरीवर त्यांनी पोरीला बेबीनंदाच्या हातात दिलं.

मित्राची खरी आई केसर, बेबीनंदाची थोरली बहीण. दुष्काळाच्या साली माहेरी बाळंत झाली आणि सातव्या दिवशी गेली. सात दिवसांचं लेकरू बेबीनंदाने उचललं ते आजपर्यंत खाली ठेवलं नव्हतं. शेळीचं दूध, कापसाचा बोळा, रात्र रात्र खांद्यावर. दोनदा बेबीनंदाला बघायला पाहुणे आले. दोन्ही वेळेला मित्रा "माय, माय" करत तिच्या पदराला येऊन बिलगली आणि चहा पिऊन गेलेल्या पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला नाही. बेबीनंदाला त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते तिच्या आईला.

"पोर बापाची असती, बेबे," गिरिजाबाई एवढंच म्हणाल्या होत्या. मग त्यांनीच नांदेडला पत्र लिहवून घेतलं होतं.

"झोपू राह्यली का?" वसंतरावांनी मागे वळून विचारलं.

"न्हाई, न्हाई. जागी हाय." बेबीनंदाने मित्राला मांडीवर उभं केलं. "चल, नाच बघू. नाच गं घुमा, कशी मी नाचू..."

मित्रा दोनदा गुडघ्यात वाकली, हसली आणि तशीच बेबीनंदाच्या छातीवर कलंडली. बेबीनंदाने तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. काच खाली करून तिचं तोंड वाऱ्याकडे धरलं. गुळाचा खडा दिला, तर तो गालातच राहिला आणि जबडा हलायचा थांबला. ती मोठमोठ्याने बोलू लागली. ज्वारीची खळी, तारांवरचे पारवे, विहिरीवरचं इंजिन, रस्त्याने जाणारी बाई आणि तिच्या डोक्यावरची पाटी, दिसेल ते तिने मित्राला सांगितलं. दोन वर्षांत एवढं बोलली नसेल. आपल्या बोलण्याने पोरीला गुंगी येते आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. जितकं बोलावं तितकं मित्राचं अंग सैल पडत होतं. मांडी ओळखीची, वास ओळखीचा, आवाजही तोच. या मांडीवर ती आजवर फक्त झोपतच आली होती.

बेबीनंदाने बोलणं तोडलं आणि शेजारी पाहिलं.

उषा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. सकाळपासून तिने मित्राला एकदाही हात लावला नव्हता. घेऊ का, असं विचारण्याचीही तिला चोरी वाटत असावी.

"उषाबाई," बेबीनंदा म्हणाली, "तुम्ही घ्या हिला."

"आत्ता? रडेल ती."

"रडू द्या. रडली की जागी राहील. माझ्यापाशी काय ती ऱ्हात न्हाई आता."

तिने पिशवी आणि तांब्या उचलून पायाशी ठेवला, मित्राला दोन्ही बगलांत धरलं आणि उषाच्या मांडीवर दिलं. पोरीचा फ्रॉक नीट खाली ओढला. मग हात काढून घेतले.

क्षणभर मित्राला कळलंच नाही. मग तिचे डोळे सताड उघडले.

"माय! माय, घे!"

बेबीनंदाने तोंड खिडकीकडे केलं. बाहेर बाभळी होत्या, मग मोकळं रान, मग पुन्हा बाभळी. मित्राने उषाच्या हातातून वाकून बेबीनंदाचा दंड धरला, नखं रुतवली. उषाने जबरदस्ती केली नाही. गप, गप असंही म्हणाली नाही. फक्त पोरगी सीटवरून पडू नये म्हणून तिच्या कमरेभोवती हात घालून बसली. तिचेही डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बेबी, घे ना थोडा वेळ," वसंतराव पुढे बघतच म्हणाले. "बघवत नाही."

"न्हाई, भाऊजी."

तातेरावाने गाडी जरा जोरात सोडली. तो म्हातारा माणूस, भाड्याच्या माणसांच्या भानगडीत कधी बोलत नसे. पण रस्त्यात खड्डा नसतानाही त्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि दोन्ही वेळेला मित्रा क्षणभर रडायची थांबून पुढे बघू लागली.

जालन्यात शिरताच गाडी अडकली. धान्याच्या पोत्यांच्या बैलगाड्या, हमाल, सायकली. तोवर मित्राचा आवाज बसला होता. हुंदके देता देता तिचा हात उषाच्या बांगड्यांवर पडला. तिने एक बांगडी मनगटावरून वर सारली. उषाने ती खाली येऊ दिली. मित्राने पुन्हा सारली. बेबीनंदाच्या दंडावरची पकड कधी सुटली ते तिला कळलं, पण तिने वळून पाहिलं नाही.

गर्दीतून निघून गाडी स्टेशनसमोर थांबली, तेव्हा मित्रा जागी होती.

ठरल्याप्रमाणे बेबीनंदा मोटारीतच बसून राहिली. तिघं आत गेली. मित्राने उषाच्या खांद्यावरून एकदा मागे पाहिलं, तेव्हा बेबीनंदा पायाशी ठेवलेला तांब्या उचलायला खाली वाकलेली होती. ती बराच वेळ वर आली नाही.

"पाणी आणू का, ताई?" तातेरावाने विचारलं.

"हाय की तांब्यात."

दहा मिनिटं गेली असतील. वसंतराव एकटेच भराभर बाहेर येताना दिसले. बेबीनंदाने दार उघडलं.

"झोपली," ते म्हणाले. "डब्यात चढतानाच झोपली. गाडी अजून सुटायचीय. ये, बघून घे."

बेबीनंदा अनवाणीच उतरली आणि तशीच प्लॅटफॉर्मवर गेली. उषा खिडकीपाशी बसली होती. मित्राचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, गाल चेपलेला, तोंड किंचित उघडं. गुळाचा चिकट डाग हनुवटीवर तसाच होता. उषाने तिला नीट धरलं होतं. मानेखाली हात घालायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी हात तिथेच होता.

"घेता का एकदा?" उषाने हळूच विचारलं. "मी दाराशी येते."

बेबीनंदाचा हात गजातून आत गेला आणि मित्राच्या पाठीपासून बोटभर अंतरावर थांबला.

"नको. आत्ताच डोळा लागलाय." तिने हात मागे घेऊन गज धरला. "उठली की आधी पाणी द्या. थोडा येळ बोलू नका तिच्याशी, नुसतं जवळ बसा. दूध कोमट लागतं. अन् कान चोळू लागली की..."

"झोप येते," उषा म्हणाली. "बघितलं मी."

गार्डची शिट्टी झाली. वसंतराव घाईने डब्यात चढले. उषा खिडकीशी पुढे झुकली. काही विचारावं की नाही, असा तिचा चेहरा झाला होता.

"बेबीताई, उठल्यावर ती 'माय' म्हणून हाका मारील. मी काय सांगू तिला?"

गाडीला हिसका बसला. बेबीनंदाने गजावरचा हात काढला आणि दोन पावलं गाडीबरोबर चालली.

"सांगू नका काही," ती म्हणाली. "तुम्ही ओ द्या."