विशेष यादी

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांना दिसत नाही, मला ऐकू येत नाही. मी बोलते ते त्या ऐकतात, त्या बोलतात ते मी ओठांवरून वाचते. दोघींचं मजेत चाललं होतं. पण आपत्ती कार्यालयाला आमची काळजी वाटायला लागली.

पूर्वी धोक्याचा इशारा सगळ्यांना फोनवर बोलून यायचा. वन्सं ऐकायच्या, मला सांगायच्या. मलाही थेट कळावं म्हणून मी अर्ज केला, तर तिथल्या साहेबांनी उदार मनाने आम्हा दोघींनाही 'विशेष यादी'त घातलं. या यादीला लाल रंगाचं, ठळक अक्षरांचं चित्र येतं. आणि एकाच माणसाला दोनदा इशारा कशाला, म्हणून बोलणारा इशारा बंद.

"पण वन्संना चित्र दिसणार कसं? त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, चित्र नाही," मी विचारलं.

"अक्षरं चांगली मोठी केलीत, ताई."

मी कोपरापासून हात जोडले.

त्या दुपारी मी लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत होते. फोन थरथरला. कारखान्यात वायुगळती, दारं-खिडक्या लावून घरातच थांबा. अक्षरं खरोखरच मोठी होती. आमचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत, आणि वन्सं दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून बसतात.

लिहून पाठवलं, तर संदेश जाईना. मग फोन लावला. समोरच्याने उचलला की पडद्यावर सेकंद पळायला लागतात, मला कळतं ते तेवढंच. सेकंद पळाले तशी मी ओरडत सुटले, "वन्सं, खिडक्या लावा! विषारी वायू आहे! आधी खिडक्या लावा!" त्या काय म्हणतायत, काही म्हणतायत की नाही, कळायला मार्ग नव्हता. इस्त्रीखाली चादर जळाली, मालक हातवारे करत धावत आले, तरी मी ओरडतच होते. इतकी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

धोका टळल्यावर धावत घर गाठलं. खिडक्या बंद, फटींत ओले टॉवेल कोंबलेले, वन्सं खोकत बसलेल्या.

"फोन वाजला आणि म्हणाला, 'चित्र'," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खिडकीच्या पडद्याचं कापड पसंत करून तूच फोटो पाठवलास. वास यायला लागला तेव्हा तुझा फोन आला. मी आपली 'लावल्या गं, लावल्या' म्हणतेय, पण तू कसली थांबतेस!"

मी त्यांना घट्ट धरून रडले.

दुसऱ्या दिवशी साहेब जातीने आले, अगदी खुशीत. विशेष यादीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं.

"वन्संना परत साध्या यादीत घ्या," मी म्हटलं.

"साध्या?" साहेबांना फार वाईट वाटलं. "अहो ताई, तुमच्यासाठी एवढं केलं ते काय साध्यात जायला?"

मग आमच्या दोघींच्या मधे उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. यंत्रणेचं यश म्हणून सगळ्या विशेष यादीला पाठवणार होते.

संध्याकाळी वन्संच्या फोनचा दिवा लागला. त्यांनी तो कानाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्हा चित्र आलं गं," त्या म्हणाल्या, आणि उठून चाचपडत एकेक खिडकी लावायला लागल्या.