शनिवारचं मौन

वैजयंतीचं मौन शनिवारी दिवेलागणीला सुरू व्हायचं आणि रात्री जेवून पानावरून उठली की सुटायचं. अकरा वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता. दोन बाळंतपणांत नाही, की बेलापूरच्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड हलवलं त्या सांजेलाही नाही. कुठली ट्रंक कुठल्या खोलीत, हे तिनं टेम्पोवाल्याला हातवारे करून सांगितलं होतं. सोमवार, एकादशी, रोजचा पोथीचा अध्याय ही बाकीची व्रतं सासूबाईंनी हाती दिलेली. मौन मात्र तिचं तिनं घेतलेलं. खरं सांगायचं तर ती शिक्षाच होती.

वडील गेले तेव्हाची गोष्ट. बंडूदादा, तिचा एकुलता एक भाऊ, नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा. वडिलांना ते कधी रुचलं नाही. तार गेली तेव्हा कंपनी खानदेशात होती. तो पेणला माहेरच्या घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. दादानं पाय धुवायला तांब्या हातात घेतला, तोच माणसांनी भरलेल्या ओटीवर वैजयंती म्हणाली, "झाला का प्रयोग? टाळ्या मिळाल्या ना? मग आता इथं कशाला आलास?"

त्यानं तांब्या होता तसा खाली ठेवला आणि आल्या पावली निघून गेला.

तो गेला तो गेलाच. पुढं एका कीर्तनकारबुवांना तिनं विचारलं, "बुवा, माझी जीभ फार वाईट आहे. काय करू?" बुवा म्हणाले, "आठवड्यातून एक सांज तिला बसवून ठेव, बाई." तेव्हापासून ती जिभेला बसवून ठेवत आली. पण दादाला दोन ओळी लिहिणं काही झालं नाही. आज लिहू, उद्या लिहू करताकरता अकरा वर्षं गेली.

पौषात एका सकाळी तिचे यजमान नंदकुमार पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले. "अगं, हे बघ." नाटकाची जाहिरात होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत साथीदारांची नावं होती आणि ऑर्गनपुढं बंडूदादाचं नाव होतं.

"जायचं?" त्यांनी विचारलं.

तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बोलेल का हो तो माझ्याशी?"

"तू बोल ना आधी. त्याचं मग तो बघेल. मुलींनाही मुंबई दाखवू. शनिवारी निघू, दादरला मावशीकडे राहू, रविवारी गेटवे करून परत."

"शनिवारचा प्रयोग?"

"रविवारी त्यांचा पुण्याला आहे. टेन्शन नको घेऊस. साडेचारचा खेळ आहे. आपण साडेतीनलाच पोचू, आधी भेटून घेऊ. तुझी दिवेलागण व्हायला किती वेळ असेल तेव्हा!"

तिनं शुक्रवारी तिळाच्या वड्या केल्या. दादाला आवडायच्या तशा, खुसखुशीत न करता जरा चिवटच. बसमध्ये तो डबा तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही. खाडीच्या पुलावर गार वारा आत घुसला, तशा मुली स्वेटरात मान घालून खिदळू लागल्या. वैजयंती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. 'दादा, चुकले मी.' एवढंच. लांबण लावायची नाही.

पण मुलींसाठी आधी राणीच्या बागेत गेले, तिथं धाकटी अरुणा पाणघोड्यापुढं अडून बसली. पाण्यावर नुसत्या दोन नाकपुड्या दिसत होत्या.

"तो वर आल्याशिवाय मी नाही येणार!"

"अगं, तो आमच्या साहेबासारखा आहे," नंदकुमार म्हणाले. "त्याला वाटेल तेव्हाच उठणार."

"बाबा, मग तुम्ही साहेबांची वाट बघता ना? तशी ह्याची बघा," थोरली स्मिता म्हणाली आणि नंदकुमार मोठ्यानं हसले.

वैजयंतीही हसली. चला आता, उशीर होतोय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मुली इतक्या खुशीत होत्या आणि आत कुठंतरी तिला भेटीची धास्तीही वाटत होती. थोडा उशीर झाला तर बरंच, असं क्षणभर वाटून गेलं. पाणघोडा काही उठला नाही. पुढं बसही मिळेना. नाट्यगृहाच्या पायऱ्या चढत होते तेव्हा तिसरी घंटा झाली.

जागा तिसऱ्या रांगेत होती. अंधार झाला, सूर उमटला आणि रंगमंचाखाली एका बाजूला तिला दादाची पाठ दिसली. केस विरळ झालेले. मान मात्र तशीच डावीकडं कललेली. पेणला पेटीवर बसायचा तेव्हा वडील ओरडायचे, "मान सरळ कर, मोडेल एखाद दिवस!" रंगमंचावर कोण येतंय, कोण रुसतंय, तिला काही कळलं नाही. ती त्या कललेल्या मानेकडं बघत होती.

"किती वाजले हो?" तिनं हळूच विचारलं.

नंदकुमारांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "सहाला पाच कमी."

थंडीचा दिवस. सूर्य केव्हाच कलला असेल. तिनं हात जोडले आणि ओठ मिटले.

मध्यंतराला दिवे लागले. अरुणाला लघवीला जायचं होतं आणि स्मिताला वडा हवा होता. "तू इथंच थांब," नंदकुमार म्हणाले. "मी आलो की दोघं मिळून जाऊ त्याच्याकडं. तुझं मौन आहे हे मी सांगेन त्याला." आणि ते मुलींना घेऊन गर्दीत गेले.

दादा उठला. कंबरेवर हात ठेवून त्यानं सहज प्रेक्षकांकडं पाहिलं आणि पाहतच राहिला. मग हळूहळू चालत तिसऱ्या रांगेशी आला.

"वैजे?"

ती उभी राहिली. मांडीवरचा डबा तिनं पोटाशी घट्ट धरला.

"मला वाटलं, डोळ्यांना भास झाला." तो हसला. एक दात पडला होता. "आत्ता बाहेर गेल्या त्या मुली तुझ्याच ना गं? त्या थोरलीचं नाक थेट आईचं." मग त्याचं हसू ओसरलं. "अजून राग आहे का गं?"

तिनं डबा बगलेत धरला आणि हात जोडले.

परक्या माणसाला करावा तसा नमस्कार. मान खाली, ओठ बंद. दादानं थोडा वेळ वाट पाहिली. शेजारच्या बाई पिशवीतून संत्रं काढून सोलत होत्या. त्यांनी एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं.

"बरं," दादा म्हणाला. "सुखी राहा."

तो वळला. नंदकुमार वडे घेऊन आले तोवर घंटा झाली होती आणि तो ऑर्गनवर जाऊन बसला होता. तिनं खुणेनं सांगायचा प्रयत्न केला. नंदकुमारांना एवढंच कळलं, की तो येऊन गेला. "खेळ संपला की भेटू," ते कुजबुजले. "जातोय कुठं!"

पण कंपनीची गाडी मागच्या दाराशी लागलेलीच होती. पडदा पडल्यावर गर्दीतून वाट काढत ते तिथं पोचले, तर दारावरचा माणूस म्हणाला, "ऑर्गनवाले ना? आत्ताच बसले गाडीत. गेली ती, नाक्यावर बघा."

नाक्यावर गाडीचा लाल दिवा वळत होता. वैजयंती पदर सावरत धावली. "दादा!" अशी तिनं हाक मारली. भर रस्त्यात, इतक्या मोठ्यांदा, की पानवाला गल्ल्यावरून वाकून बघू लागला. गाडी वळून गेली.

"आई बोलली!" अरुणा घाबरून म्हणाली. "बाबा, आई शनिवारची बोलली!"

नंदकुमारांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला गप्प केलं.

रविवारी गेटवे झालं. मुलींनी लाँचमध्ये बसायचा हट्ट केला, तोही पुरवला. परतीच्या बसमध्ये नंदकुमार म्हणाले, "कंपनीच्या पत्त्यावर कार्ड टाक. माझं शनिवारचं मौन होतं, एवढं लिही. समजूतदार आहे तो. कळेल त्याला."

तिनं सोमवारी पूजा आटपून कार्ड पुढ्यात घेतलं. 'ती. बंडूदादास शि. सा. नमस्कार. त्या दिवशी माझं मौन होतं,' इथवर लिहून तिचा हात थांबला.

मौन होतं, ते जिभेला. पाय धरायला कुठं बंदी होती? वाकली असती तर दादा सगळं समजला असता. वड्यांचा डबा नुसता त्याच्या हातात दिला असता, तरी समजला असता. मग का नाही दिला? ती बराच वेळ देवांपुढं बसून राहिली. तिला तो क्षण पुन्हा दिसला. दादानं "अजून राग आहे का गं" म्हटलं, तेव्हा आत काहीतरी सुखावलं होतं. आधी तोच आला, आधी तोच बोलला. तेवढ्यापुरतं मौन तिला सोयीचं वाटलं होतं. अकरा वर्षं जिला बसवून ठेवली, ती नुसती जीभ होती. बोलणारी आत दुसरीच कुणी होती, आणि ती तशीच्या तशी होती.

तिनं ते कार्ड फाडलं आणि दुसरं घेतलं. त्यात मौनाचं नाव काढलं नाही. 'दादा, तेव्हा ओटीवर बोलले ती मीच आणि परवा बोलले नाही तीही मीच. दुसऱ्या कशाचा दोष नाही. जमलं तर ये,' एवढं लिहिलं. खाली बेलापूरचा पत्ता घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आली.

माघ सरला, होळी झाली. पोस्टमन जिन्यात दिसला की ती दार उघडून उभी राहायची. तो मान हलवून वरच्या मजल्यावर निघून जायचा.